छोट्या भागधारकाला बाहेर पडण्याचा हक्क हवा

कंपनी सुरू होते तेव्हा टक्क्यांचा हिशेब कुणी फारसा मनावर घेत नाही. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत गेटवरच्या पाट्या वाचत गेलात तर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही अक्षरे जागोजाग दिसतात. त्या पाटीमागे कितीदा तरी असतात दोन भाऊ, एखादा मेव्हणा किंवा कॉलेजपासूनचा मित्र. एकाने गाळा आणलेला असतो, दुसऱ्याने नोकरी सोडून पीएफचे पैसे घातलेले असतात. बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून दोघांच्याही सह्या असतात. शेअर्स एकाकडे ७० टक्के आणि दुसऱ्याकडे ३० टक्के ठेवायचे ठरते, कारण सीएने विचारले, ‘किती किती लिहू?’ आणि उत्तर द्यायला पाच मिनिटे पुरली. पुढची दहा-बारा वर्षे कंपनी चालते, दोघेही सकाळी शॉप फ्लोअरवर असतात, दोघांनाही पगार मिळतो. ७० आणि ३० मधला फरक कुणाला जाणवतही नाही.

तो जाणवतो भांडण झाल्यावर. विशेष ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मते लागतात, म्हणून ३० टक्केवाला आर्टिकल्समधला, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीतला, बदल अडवू शकतो. पण अडवणे वेगळे आणि मिळवणे वेगळे. संचालक नेमणे, संचालक काढणे, ऑडिटर ठरवणे हे सगळे साध्या बहुमताने होते, आणि संचालक मंडळ ज्याचे त्याच्याच हातात कंपनीचा रोजचा कारभार असतो. पैसाही त्याच्याच हातात.

पुढे काय होते याचा क्रम कंपनी सेक्रेटरींना आणि या क्षेत्रातल्या वकिलांना पाठ असतो. आधी बोर्ड मीटिंगच्या नोटिसा पोचेनाशा होतात. पाठवल्याचा कागद मात्र फाइलला असतो. सलग बारा महिने एकाही मीटिंगला हजर नसलेल्या संचालकाचे पद कंपनी कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे आपोआप रिकामे होते, आणि आपल्याला नोटीस मिळालीच नव्हती हे सिद्ध करण्याचा खटाटोप त्यालाच करावा लागतो. एवढी वाट पाहायची नसेल तर कलम १६९ खाली सभा बोलावून साध्या ठरावाने त्याला काढता येते. पद गेले की पगार गेला. लाभांशाचे काय? छोट्या कंपन्यांत नफा बहुधा पगारातूनच घेतला जातो, लाभांश क्वचित जाहीर होतो. शिवाय बोर्डाने सुचवलेल्यापेक्षा जास्त लाभांश सर्वसाधारण सभा जाहीर करू शकत नाही, असे नेहमीच्या आर्टिकल्समध्ये असतेच. बोर्डाने काही सुचवलेच नाही तर प्रश्न तिथेच मिटतो. त्याच वर्षी बहुमतवाल्याचा मुलगा कन्सल्टंट म्हणून महिन्याला रक्कम घेऊ लागतो, गाळ्याचे भाडे वाढते, आणि गाळा असतो त्याच्या पत्नीच्या नावावर. ज्या सभासदाचा व्यवहारात हितसंबंध आहे त्याने त्या ठरावावर मत देऊ नये, अशी अट कलम १८८ मध्ये आहे. खासगी कंपन्यांना मात्र २०१५ च्या अधिसूचनेने त्या अटीतून मोकळे केले आहे.

सगळ्यात शेवटी येतो राइट्स इश्यू, म्हणजे असलेल्या भागधारकांनाच त्यांच्या वाट्याप्रमाणे नवे शेअर्स देऊ करणे. कंपनीला भांडवल हवे असे सांगून नवे शेअर्स काढायचे आणि कायद्यात बसेल तेवढी आखूड मुदत द्यायची. पगार बंद झालेल्या माणसाने तेवढ्यात पाच-पंचवीस लाख उभे केले नाहीत की त्याचे ३० टक्के १२ टक्क्यांवर येतात. मग विशेष ठराव अडवण्याची ताकदही संपते.

मग शेअर्स विकून मोकळे का होऊ नये? इथेच खरी कोंडी आहे. खासगी कंपनीच्या व्याख्येतच, कलम २ (६८) मध्ये, शेअर्सच्या हस्तांतरावर निर्बंध असला पाहिजे असे लिहिले आहे. बाहेरच्याला विकायचे तर बोर्डाची संमती हवी, आणि बोर्ड त्याच्या विरोधात बसलेले. समजा बोर्डाने संमती दिली, तरी ७० टक्के एका घराच्या हातात असलेल्या कंपनीचे ३० टक्के कोण घेणार? गिऱ्हाईक एकच उरते: ज्याच्याशी भांडण झाले तो. तो सांगेल तो भाव.

माझे म्हणणे एवढेच आहे की खासगी कंपनीतल्या अल्पमतातल्या भागधारकाला, ठरावीक गोष्टी घडल्या की, आपले शेअर्स रास्त भावाने बहुमतवाल्यांना किंवा कंपनीला विकण्याचा हक्क कायद्याने सरळ दिला पाहिजे. आज तो हक्क नाही. आज त्याच्याकडे आहे ती अन्यायाची फिर्याद, आणि फिर्याद जिंकली तर न्यायाधिकरणाच्या मर्जीवर सोपवलेला उपाय.

ही फिर्याद २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४१ आणि २४२ खाली होते. १९५६ च्या कायद्यात तिची जागा कलम ३९७ आणि ३९८ मध्ये होती. कंपनीचा कारभार सभासदावर जुलूम होईल किंवा त्याच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने चालला असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाचे अधिकार कागदावर मोठे आहेत. ते कंपनीचा पुढचा कारभार कसा चालावा हे ठरवू शकते, संचालकाला काढू शकते, एकाचे शेअर्स दुसऱ्याने विकत घ्यावेत असा आदेश देऊ शकते.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण कलम २४४ वर बोट ठेवतात. अर्ज करायला १०० सभासद किंवा एकूण सभासदांचा एक दशांश, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. नाहीतर अर्जदाराकडे भांडवलाचा एक दशांश तरी हवा. मध्यम आकाराच्या कंपनीत ही अट खरोखर आडवी येते. पण भोसरीतल्या त्या कंपनीत ती येत नाही. सभासद दहा किंवा त्याहून कमी असले की एकटा माणूसही एक दशांशाची अट पुरी करतो, मग त्याच्याकडे एकच शेअर का असेना. शिवाय अट शिथिल करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहेच. अर्ज दाखल होतो. अडचण त्यानंतर सुरू होते.

कलम २४२ सांगते की आदेश द्यायला दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. एक, कारभार जुलमाचा किंवा बाधक आहे. दोन, ही परिस्थिती अशी आहे की एरवी कंपनी गुंडाळणेच न्याय्य ठरले असते, पण गुंडाळल्याने अर्जदाराचेच नुकसान होईल. म्हणजे ज्याला फक्त आपले पैसे घेऊन बाहेर पडायचे आहे, त्याने आधी दाखवायचे की ही चालती, नफ्यातली, शंभर कामगारांना रोजगार देणारी कंपनी बंद करण्याच्या लायकीची झाली आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये शांतिप्रसाद जैन विरुद्ध कलिंग ट्यूब्ज या खटल्यात घालून दिलेली कसोटी आहे. एकट-दुकट कृती पुरत नाही; बहुमतवाल्यांच्या वागण्यात सातत्य हवे, आणि ते सचोटीला सोडून, जाचक व गैर असले पाहिजे. पगार थांबवला, संचालकपद काढले, लाभांश दिला नाही, यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी कायदेशीरच असते. त्यांची माळ ओवून हेतू सिद्ध करायला वर्षे जातात.

कंपनी गुंडाळण्याचा हा दुसरा निकष आपण इंग्रजांच्या १९४८ च्या कायद्यातून घेतला. त्याच्याही मागे १८४३ चा फॉस विरुद्ध हार्बॉटल हा खटला आहे. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया पार्क कंपनीतल्या दोन सभासदांनी संचालकांवर गैरव्यवहाराचा आरोप केला. न्यायालयाने सांगितले की नुकसान कंपनीचे झाले असेल तर दावा कंपनीने करावा, आणि कंपनीने काय करावे हे बहुमत ठरवील. हे तत्त्व मला चुकीचे वाटत नाही. प्रत्येक नाराज सभासद कोर्टात जाऊ लागला तर कुठलीच कंपनी चालणार नाही. पण ज्यांच्या विरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच हातात बहुमत असेल तर काय, या प्रश्नाने पुढची शंभर वर्षे इंग्रजी न्यायालयांचा पिच्छा पुरवला. १९४८ चा उपाय अपुरा आहे हे तिथल्या जेन्किन्स समितीने १९६२ मध्ये सांगितले, आणि १९८० मध्ये इंग्लंडने कंपनी गुंडाळण्याशी जोडलेली ती अट काढून टाकली. आज तिथल्या २००६ च्या कायद्यातल्या कलम ९९४ खाली कुठलाही सभासद, टक्क्यांची अट नसताना, कारभार आपल्या हिताला अन्याय्य बाधा आणतो असे म्हणत न्यायालयात जाऊ शकतो, आणि न्यायालये बहुतेक वेळा शेअर्स विकत घेण्याचाच आदेश देतात. आपण २०१३ मध्ये नवा कायदा लिहिला, कलम २४१ मध्ये ‘बाधक’ हा शब्द आणला, आणि कलम २४२ मध्ये १९४८ ची अट जशीच्या तशी ठेवली. एका कलमाने दिले ते पुढच्या कलमाने काढून घेतले.

टाटा सन्स आणि शापूरजी पालनजी समूह यांचा वाद सगळ्यांनी पाहिला. वर्तमानपत्रांतून तो दोन घराण्यांच्या मानापमानाची गोष्ट म्हणून आला. मला त्यातला दुसराच धागा महत्त्वाचा वाटतो. टाटा सन्समध्ये टाटा ट्रस्ट्सचा वाटा सुमारे ६६ टक्के, शापूरजी पालनजी समूहाचा सुमारे १८.४ टक्के. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी याच समूहाच्या घराण्यातले सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून काढले गेले. समूहाच्या गुंतवणूक कंपन्या न्यायाधिकरणाकडे गेल्या तेव्हा पहिला वाद कलम २४४ वरच झाला. इक्विटीत १८ टक्क्यांहून अधिक वाटा असला तरी ठरावीक लाभांशाचे प्रेफरन्स शेअर्स धरून मोजले तर तो एक दशांशाच्या खूप खाली येत होता. ती अट अपिलात शिथिल झाली. मग जुलै २०१८ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला, डिसेंबर २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने मिस्त्रींच्या बाजूने निकाल दिला, आणि २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्या निकालाचा गाभा मला पटतो. अध्यक्षपदावरून काढणे म्हणजे आपोआप जुलूम नव्हे, आणि शेअर्सच्या प्रमाणात बोर्डावर जागा मिळण्याचा हक्क कायद्याने खासगी कंपनीच्या सभासदाला दिलेला नाही, हे बरोबरच आहे. न पटणारी गोष्ट पुढे आहे. सुनावणीच्या काळात शापूरजी पालनजी समूहाने वेगळे होण्याचा प्रस्ताव मांडला आणि आपल्या वाट्याची किंमत सुमारे १.७५ लाख कोटी रुपये सांगितली. टाटांच्या बाजूने सांगितला गेलेला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. न्यायालयाने किंमत ठरवण्यात पडायला नकार दिला. आर्टिकल्समधल्या ७५ व्या कलमाचा किंवा दुसरा कुठला कायदेशीर मार्ग दोन्ही बाजूंनी धरावा, असे सांगून तो प्रश्न त्यांच्यावरच सोपवला. हे ७५ वे कलम विशेष ठरावाने कुठल्याही सभासदाला शेअर्स द्यायला लावण्याचा अधिकार कंपनीला देते. म्हणजे बाहेर काढण्याची सोय आर्टिकल्समध्ये आहे, बाहेर पडण्याची नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. समूह अजून टाटा सन्समध्ये आहे, आणि कंपनीची शेअरबाजारात नोंदणी व्हावी अशी जाहीर मागणी करतो आहे. नोंदणी झाली तर निदान भाव बाजार ठरवील आणि विकता येईल.

ज्यांच्याकडे देशातले नामांकित वकील उभे करण्याची ऐपत आहे त्यांना पाच वर्षांत आपल्या वाट्याची किंमतही ठरवून मिळाली नाही. वाळूजच्या त्या ३० टक्केवाल्याने कुणाकडे बघायचे?

कायद्याला हे जमत नाही असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाचाच १९८१ चा निडल इंडस्ट्रीजचा निकाल पाहा. निलगिरीतल्या केट्टीची ही सुया बनवणारी कंपनी. तिचे शेअर्स धरणाऱ्या इंग्लंडमधल्या होल्डिंग कंपनीचा तिच्यातला वाटा परकीय चलन कायद्यामुळे ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचा होता, आणि त्यासाठी काढलेल्या राइट्स इश्यूचे पत्र होल्डिंग कंपनीकडे इतक्या उशिरा पोचले की तिला काही करायला वेळच उरला नाही. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी, पुण्याच्या माणसाने. जुलूम झाला असे त्यांना दिसले नाही. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १०० रुपयांच्या शेअरची खरी किंमत १९० रुपये होती. होल्डिंग कंपनीच्या वाट्याला येऊ शकले असते असे ९,४९५ शेअर्स होते. प्रत्येकी ९० रुपयांप्रमाणे ८,५४,५५० रुपये भारतीय भागधारकांनी तिला द्यावेत असा आदेश त्यांनी दिला. दोष सिद्ध होवो न होवो, एकाचे हक्काचे पैसे दुसऱ्याच्या खिशात राहू नयेत, हा विचार त्यामागे आहे. चाळीसहून अधिक वर्षे झाली, आणि तो विचार अजून न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेला अपवादच राहिला आहे. तो नियम व्हायला हवा होता.

भावाचा प्रश्न न्यायालयांना झेपत नाही, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. कॅडबरी इंडियाच्या प्रकरणाने त्याला चांगले उत्तर दिले आहे. २००२ मध्ये परदेशी पालक कंपनीने शेअरमागे ५०० रुपये देऊन भारतीय भागधारकांचे शेअर्स घेतले आणि पुढे कंपनी शेअरबाजारातून बाहेर पडली. काही थोडे लोक शेअर्स धरून राहिले. २००९ मध्ये त्यांचे शेअर्स भांडवल कपातीच्या मार्गाने रद्द करण्याची योजना आली, भाव १,३४० रुपये. काही छोटे भागधारक मुंबई उच्च न्यायालयात अडून बसले. न्यायालयाने स्वतंत्र मूल्यमापन करून घेतले, तर भाव निघाला १,७४३. त्यावरही आक्षेप आले, पुन्हा हिशेब झाला, आणि मे २०१४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी योजना मंजूर केली ती २,०१४.५० रुपयांना. १,३४० आणि २,०१४ यांतला फरक हा त्या लोकांच्या चिकाटीचा मोबदला होता. कोण किती दुष्ट हे तिथे कुणाला सिद्ध करावे लागले नाही. चर्चा झाली ती ताळेबंद, भविष्यातला नफा आणि हिशेबाची पद्धत यांवर, म्हणजे ज्यावर व्हायला हवी त्यावर.

मात्र हे घडले ते बहुमतवाल्यांना छोटे लोक नकोसे झाले म्हणून. पुण्याच्या दापोडीतल्या सँडविक एशियाचेही तेच: छोट्या भागधारकांचे शेअर्स पैसे देऊन रद्द करण्याची भांडवल कपात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केली. कलम २३६ खाली ९० टक्के हाती आलेला मालक उरलेल्यांचे शेअर्स विकत घेऊ शकतो. त्याच कलमात छोट्या भागधारकांनाही आपले शेअर्स मोठ्याला देऊ करण्याची मुभा आहे, पण मोठ्याने ते घेतलेच पाहिजेत अशी सक्ती कुठेही नाही. मोठ्याने लहानाला बाहेर काढायचे असेल तर मूल्यांकक आहेत, पद्धत आहे, आदेश आहेत. लहानाला स्वतःहून बाहेर पडायचे असेल तर त्याने आधी जुलूम सिद्ध करायचा. हा असमतोल मला या साऱ्या विषयातला सगळ्यात अन्याय्य भाग वाटतो.

आणि तो सगळ्यात जास्त सोसावा लागतो बायकांना. आपल्याकडे जमिनीच्या वाटणीत बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची चाल जुनी आहे. वडिलांच्या कंपनीतले शेअर्स मुलींना वारसाहक्काने येऊ लागले तसे त्या शेअर्सचेही तेच होऊ लागले. जी सही करत नाही ती भावांच्या कंपनीत दहा टक्क्यांची सभासद म्हणून राहते. तिला लाभांश नाही, हिशेब मागितला तर ‘माहेरावर विश्वास नाही का?’ हे ऐकावे लागते, आणि तिचे शेअर्स घेणारा भावांशिवाय दुसरा कुणी नसतो. विधवा सुनेची अवस्था याहून कठीण. मोठ्या घराण्यांतही चित्र फार वेगळे नाही. चेन्नईच्या मुरुगप्पा समूहात एम. व्ही. मुरुगप्पन यांच्या निधनानंतर त्यांची पत्नी आणि मुली यांच्याकडे समूहाच्या होल्डिंग कंपनीचा सुमारे आठ टक्के वाटा होता. मुलगी वल्ली अरुणाचलम यांनी बोर्डावर जागा मागितली. २०२० च्या सभेत इतर सभासदांनी ती प्रचंड बहुमताने नाकारली. प्रकरण न्यायाधिकरणात गेले आणि २०२३ मध्ये घरातच तडजोडीने मिटले. एक तर बोर्डावर जागा द्या, नाहीतर आमचे शेअर्स रास्त भावाने घ्या, अशी त्यांची मागणी पहिल्यापासून होती. ती तीन वर्षे आधी मान्य व्हायला कायद्याची अडचण नव्हती. मान्य करायला भाग पाडील असा कायदा तेवढा नव्हता.

तर नेमके काय हवे? कलम २४२ मधली कंपनी गुंडाळण्याची कसोटी खासगी कंपन्यांपुरती तरी वगळावी. तिच्या जोडीला, काही ठळक घटना घडल्या की विकण्याचा हक्क आपोआप सुरू व्हावा: जो कंपनीत काम करत होता त्याला संचालकपदावरून काढले, कंपनी नफ्यात असताना सलग काही वर्षे लाभांश दिला नाही आणि बहुमतवाल्यांच्या घरात पगार-भाडे चालू राहिले, किंवा शेअर्स अशा रीतीने काढले की एकाचाच वाटा घटला. या घटना कागदावरून सिद्ध होतात, हेतू शोधत बसावे लागत नाही. भाव कलम २४७ खालच्या नोंदणीकृत मूल्यांककाने ठरवावा, आणि अल्पमतातले शेअर्स आहेत म्हणून त्यात कपात करू नये. ही कपात हाच खरा सापळा आहे. आधी माणसाला निर्णयांतून बाजूला सारायचे, मग त्याला निर्णयाचा अधिकार नाही म्हणून त्याच्या शेअर्सचा भाव कमी धरायचा. भागीदारीसारख्या चालणाऱ्या छोट्या कंपन्यांत अशी कपात करू नये, हे इंग्लंडच्या न्यायालयांनी १९८० च्या दशकातच मान्य केले आहे.

यावरचे आक्षेप खोटे नाहीत. कंपनीकडे एवढी रोकड नसते. मशिनरी आणि उधारीत पैसा अडकलेला असतो, आणि एकदम तीन कोटी द्यायला लावले तर कामगारांचे पगार थकतील. म्हणून हप्ते असावेत, तीन ते पाच वर्षांचे, व्याजासह, आणि तोवर त्या शेअर्सवर तारण राहावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कुणीही रुसून पैसे मागू लागेल, आणि कंपनीत पैसा घालताना माणूस जो धोका पत्करतो त्याला अर्थच उरणार नाही. इंग्लंडमध्येही लॉर्ड हॉफमन यांनी १९९९ च्या ओ’नील विरुद्ध फिलिप्स या खटल्यात सांगितले की मनात आले म्हणून बाहेर पडण्याचा हक्क सभासदाला नाही. मलाही तो हक्क अभिप्रेत नाही. म्हणून घटनांची अट. पण त्याच निकालात त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली: बहुमतवाल्याने तज्ज्ञाकडून ठरवलेला, कपात न केलेला रास्त भाव देऊ केला, तर अन्यायाची तक्रार सहसा टिकणार नाही. त्यामुळे तिथे भांडणे वकिलांच्या कार्यालयातच मिटू लागली, कारण रास्त भाव देणे बहुमतवाल्याच्याच फायद्याचे ठरले. आपल्याकडे त्याच्या फायद्याचे असते ते फक्त वेळ काढणे. एनसीएलटी जून २०१६ मध्ये सुरू झाली, आणि कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणेही तिच्याकडेच आली. साऱ्या देशासाठी तिची मंजूर सदस्यसंख्या ६३, आणि कलम ४३० मुळे या वादांना दिवाणी न्यायालयाचा रस्ता बंद. तारखेमागून तारीख पडते तेव्हा पगार बंद झालेला माणूस आधी थकतो. बहुमतवाल्याचा वकील कंपनीच्या पैशाने लढतो, म्हणजे ३० टक्के त्याच माणसाच्या पैशाने.

शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथला छोटा भागधारक निदान विकून निघू शकतो. त्याचे दुखणे नुकसानभरपाईचे असते. सत्यम कॉम्प्युटर्सच्या हिशेब घोटाळ्यात अमेरिकी गुंतवणूकदारांना सामूहिक दाव्यातून कंपनीकडून १२.५ कोटी डॉलर मिळाले, भारतीय भागधारकांना तसा दावा करण्याची सोयच नव्हती. त्यानंतर सामूहिक दाव्याची सोय करणारे कलम २४५ आले. त्यावर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत जे आज नवी कंपनी काढत आहेत, त्यांच्या हातात एक गोष्ट आहे. बाहेर कसे पडायचे, भाव कोण ठरवणार, पैसे किती हप्त्यांत, हे सगळे संबंध गोड असतानाच लिहून ठेवावे. पण ते स्टॅम्पपेपरवरच्या वेगळ्या करारात ठेवून भागत नाही. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की शेअर्सच्या हस्तांतरावरची जी अट आर्टिकल्समध्ये नाही ती बंधनकारक नाही. त्या निकालावर पुढे बरीच चर्चा झाली, तरी धोका कशाला पत्करायचा? हा मजकूर आर्टिकल्समध्येच घालावा आणि कलम ५ खाली त्याला संरक्षणही द्यावे, म्हणजे नुसत्या तीन चतुर्थांश मतांनी तो काढता येणार नाही. हे संरक्षण कंपनीच्या स्थापनेच्या वेळी घालता येते. नंतर घालायचे तर खासगी कंपनीत प्रत्येक सभासदाची संमती लागते, आणि भांडण सुरू झाल्यावर ती मिळत नाही. सीए जेव्हा ‘किती किती लिहू?’ असे विचारतो, तेव्हाच त्याला हेही लिहायला सांगावे.